कप्तानाचा दुसरा नंबर

आयर्लंडच्या नकाशावर डोळे मिटून मधोमध बोट ठेवलं, तर ते आमच्या गावावर पडतं. इथून ॲथलोन शहर गाडीने वीस मिनिटं. समुद्र मात्र कुठल्याही दिशेला गेलात तरी दीड तास. चारही बाजूंनी पाणी असलेल्या या बेटावर समुद्रापासून जितकं लांब राहता येईल तितकं लांब, नेमके आमच्या शेजारी, ग्रीक नौदलातले एक निवृत्त अधिकारी राहतात.

त्यांचा हुद्दा नेमका कोणता, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी दोनदा सांगितला, पण तो ग्रीकमध्ये होता आणि फार लांब होता. आमच्या इस्टेटीत सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. इस्टेट म्हणजे इथे एकसारख्या साठ-सत्तर घरांची वसाहत. मी पहिल्यांदा फोनवर आईला ‘आमच्या इस्टेटीत’ असं म्हणाले, तेव्हा तिने मालवणकडच्या आमच्या गावात सांगून टाकलं की मुलीने परदेशात इस्टेट घेतली. तिकडच्या काही लोकांना अजूनही वाटतं की आमचे मळे आहेत आणि आम्ही घोड्यावरून फिरतो.

कॅप्टन सत्तरीच्या जवळचे, काठीसारखे सरळ. कपडे वाळत घालताना आधी मोठे, मग मध्यम, मग लहान, आणि मोजे सगळ्यात शेवटी, जोडीने. त्यांची बायको याच गावची. तरुणपणी ग्रीसला फिरायला गेलेली ही नर्स एका बेटावर त्यांना भेटली आणि मग तिकडेच राहिली. कॅप्टन निवृत्त झाल्यावर दोघं इथे आली, मुलगा तिकडेच राहिला. तीनच वर्षांनी ती गेली. गावाच्या टेकडीवर तिची कबर आहे, आणि कॅप्टन दर रविवारी तिथलं गवत कापून येतात. परत जाणार का, असं त्यांना कोणी विचारत नाही.

माझी नोकरी ॲथलोनला, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या नम्रपणे लिहून काढायच्या. नवरा नागपूरचा, डॉक्टर, जवळच्या हॉस्पिटलात. मुलगी अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र इथल्या मातीतल्या इंग्रजीत येतं. तिच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट ‘ग्रँड’ असते.

तर, गोष्ट सुरू झाली फेब्रुवारीत. तीन आठवडे पाऊस थांबला नव्हता. इस्टेटीतून मुख्य रस्त्याला लागताना एक खोलगट वळण आहे आणि त्या रस्त्याखाली एक मोरी आहे. पाणी त्या मोरीतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जावं, अशी योजना. पण मोरीत फांद्या, गवत आणि वादळात कोणाच्या तरी अंगणातून उडून आलेलं अख्खं ट्रॅम्पोलिन अडकलं होतं. एका सकाळी उठलो तर वळणावर कमरेएवढं पाणी. बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही. काउन्सिलला फोन केले. ‘तुमची तक्रार नोंदवली आहे,’ असं उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला शिट्टी ऐकू आली. खिडकीतून पाहिलं, तर कॅप्टन आपल्या शेडमधून एक लाकडी होडी ओढत बाहेर काढत होते. ही होडी त्यांनी स्वतः बांधलेली. रिटायर माणसाचा छंद म्हणून आम्ही तिचं कौतुक करायचो. ती कधी पाण्यात जाईल असं कोणाला वाटलं नव्हतं, बहुतेक त्यांनाही नाही.

“एका खेपेला तिघं,” त्यांनी जाहीर केलं. “उभं राहायचं नाही. पिशव्या मांडीवर.”

पहिल्या खेपेत माझा नवरा होता, कारण त्याला ड्युटीवर जायचंच होतं. नागपूरचा माणूस, त्याचा पाण्याशी संबंध कूलरपुरता. त्याने होडीची कड दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटून घेतले. पलीकडे पोहोचल्यावर डोळे उघडून तो कॅप्टनना म्हणाला, “किती वेळ लागला?”

“दीड मिनिट,” कॅप्टन म्हणाले. “वारा विरुद्ध होता.”

चार दिवस ती होडी चालली. पलीकडे चर्चच्या आवारात गावातले लोक आम्हाला न्यायला गाड्या घेऊन थांबायचे. कॅप्टननी होडीचं वेळापत्रक दिव्याच्या खांबावर चिकटवलं आणि ते एक मिनिटही चुकलं नाही. मी घरून काम करू शकत होते, तरी दोनदा उगाच ऑफिसला गेले. पाचव्या दिवशी पाणी ओसरलं, तेव्हा लहान मुलांना वाईट वाटलं, आणि मोठ्यांनाही.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये रहिवाशांची सभा झाली. मोरी कोण साफ करणार यावर तासभर बोलणं झालं. मागून कोणीतरी ओरडलं, “जूनमध्ये काउन्सिलची निवडणूक आहे. कॅप्टन, तुम्हीच उभे राहा की!”

सगळे हसले. कॅप्टन हसले नाहीत. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “फॉर्म कुठे मिळतो?”

आता, इथल्या स्थानिक निवडणुकीला नागरिकत्व लागत नाही. इथे राहणारा कोणीही मत देऊ शकतो आणि उभाही राहू शकतो. हे मला त्या संध्याकाळी कळलं. त्याच संध्याकाळी मला हेही कळलं की मी त्यांची निवडणूक-एजंट आहे. सभेत मी नोंदी घेत होते, एवढाच माझा गुन्हा. “तू लिहून ठेवतेस,” कॅप्टन म्हणाले. “ज्या जहाजावर कोणी लिहून ठेवत नाही, ते बुडतं.”

‘तो माणूस’ म्हणायला इथे ‘युवर मॅन’ म्हणतात. घरी आल्यावर नवरा म्हणाला, “म्हणजे युवर मॅन खरंच उभा राहतोय?”

“राहतोय. आणि पंधरा सह्या लागतात. पहिली तुझी.”

आई एप्रिलमध्ये आली. बाबा गेल्यापासून ती दर दोन वर्षांनी तीन महिन्यांसाठी येते. माझी आई आमच्या गावची सरपंच होती. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा बाबांच्या मित्रांनी हिशेब केला होता की नाव हिचं आणि कारभार त्यांचा. पहिल्याच ग्रामसभेत आईने बाबांना मागच्या बाकावर बसवलं आणि बोलायचं असेल तर हात वर करायला सांगितलं. पाच वर्षांत तिने जेटीच्या पायऱ्या बांधून घेतल्या आणि वरच्या वाडीला नळ नेला. हे सगळं मी कॅप्टनना सांगितलं होतं, पण ‘सरपंच’ म्हणजे काय ते त्यांना नीट उमगलं नव्हतं.

ती आली त्याच दिवशी ते इस्त्री केलेला कोट घालून दारात हजर झाले. मी ओळख करून दिली. “निवडून आलेली गावची प्रमुख. पाच वर्षं.”

कॅप्टननी टाचा जुळवल्या. “मग त्या मला वरिष्ठ आहेत,” असं म्हणून त्यांनी सलाम ठोकला. “मादाम सरपंच.”

आईने पदर सावरला. “काय म्हणता गो ह्यो?”

“तू त्यांच्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावर आहेस म्हणतात.”

“बरो माणूस आसा,” आई म्हणाली. “बसा, कप्तानानू.”

मग सुरू झाला प्रचार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं निघालो. साडीवर माझा रेनकोट आणि पायात मुलीचे बूट, अशा थाटात आई फाटकापाशी उभी राहून नुसती बघत होती. कॅप्टननी पहिल्या घराची बेल वाजवली. एका बाईने दार उघडलं.

“गुड इव्हनिंग,” कॅप्टन म्हणाले. “मी उमेदवार आहे. मोरी साफ होईल. मतदान जूनच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी सातला सुरू होतं. उशीर करू नका.”

बाईने मान हलवली आणि दार लावून घेतलं. अशी पाच घरं अकरा मिनिटांत झाली. कॅप्टन खूश होते. आईने मला बाजूला घेतलं.

“ह्यो मतां मागता काय हुकूम सोडता?” ती म्हणाली. “हुकमान मतां मिळणत नाय. तेका सांग, आधी पाणी मागा. ज्येना पाणी दिल्यान, तेना अर्धा मत दिल्यान. मगे थोडो येळ गप ऱ्हवा. माणूस आपसूक बोलता.”

मी भाषांतर केलं. कॅप्टन विचारात पडले. “मला तहान लागलेली नाही.”

“तसाच मागा,” आई म्हणाली.

पुढच्या घरी त्यांनी पाणी मागितलं. पण हा आयर्लंड देश. इथे पाणी मागितलं तर चहाच येतो, आणि चहाबरोबर बिस्किटं, आणि बिस्किटांबरोबर गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत. त्या घरातल्या आजोबांनी चाळीस मिनिटं आपल्या गुडघ्याविषयी सांगितलं. आई मध्येमध्ये मान हलवत होती. तिला इंग्रजी शब्द कळत नव्हते, पण गुडघा कळत होता. निघताना आजोबांनी आईचा हात धरून तिला सांगितलं की इतकं छान बोलणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी सहा घरं झाली आणि सहा चहा. सातव्या घरी कॅप्टन दारातच अवघडून उभे राहिले आणि त्यांनी अतिशय सभ्य शब्दांत बाथरूम वापरू का म्हणून विचारलं. मग मीही विचारलं. मग आईनेही. घरातली बाई इतकी हसली की तिने शेजारणीला बोलावून आणलं. आईचं मत पडलं की चहा दिलेल्या घराचं मत अर्धं, पण ज्यांची मोरी वापरली त्यांचं पूर्ण. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या निवडणुकीत दोन प्रकारच्या मोऱ्या आहेत.

फोटोवरून थोडी चकमक झाली. खांबावर लावायच्या पोस्टरसाठी कॅप्टनना गणवेशातला फोटो हवा होता, छातीवर पदकं, नजर क्षितिजाकडे. आईने तो हातभर लांब धरून पाहिला.

“ह्या बघून माणसां घराची दारां लावन घेतली,” ती म्हणाली. “असा वाटता, मासेमारी बंद झाली म्हणून सांगूक इलोहा.”

शेवटी स्वेटर घातलेला, होडीत बसलेला, वाऱ्याने केस उडालेला एक फोटो निघाला. तो शेजारच्या कोणीतरी पुराच्या वेळी काढला होता, आणि त्यात ते थोडे हसतही होते. नवऱ्याने शिडी धरली, कॅप्टन वर चढले आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी खांबाला पोस्टर बांधताना त्यांनी अशा गाठी मारल्या, की पुढे ती पोस्टरं काढायला आम्हाला दोन दिवस लागले.

मग आल्या मयती. आई पहिल्यापासून म्हणत होती, “लग्नाक एकवेळ गेला नाय तरी चलात. मयताक जावचाच.” हे मला कॅप्टनना सांगावंही लागलं नाही. इथले राजकारणी लोकही हेच करतात. कोणी गेलं की गाव रांगेत उभं राहतं, घरच्या प्रत्येकाचा हात हातात घेतं आणि ‘सॉरी फॉर युवर ट्रबल’ म्हणतं. मे महिन्यात तो गुडघेवाला म्हातारा गेला. गुडघ्याने नव्हे, हृदयाने.

आम्ही गेलो. कॅप्टनना मी रांगेतलं वाक्य पाठ करून दिलं होतं. पण शवपेटीसमोर आल्यावर ते थांबले, ताठ झाले आणि त्यांनी हळूच सलाम केला. सगळी रांग थबकली. मला वाटलं, संपलं, आता लोक हसणार. म्हाताऱ्याचा मुलगा पुढे आला. तो म्हणाला, “बाबा तरुणपणी मालवाहू जहाजावर होते. तुम्हाला कसं कळलं?”

“त्यांनीच सांगितलं,” कॅप्टन म्हणाले. “गुडघा तिथेच निकामी झाला होता. शिडीवरून पडून.”

चाळीस मिनिटांच्या त्या हकिकतीतलं मला काही आठवत नव्हतं. मी तेव्हा बिस्किटं मोजत होते. कॅप्टन ऐकत होते. बाहेर आल्यावर आईने त्यांच्या हातात एक सँडविच ठेवलं.

खरं भांडण झालं ते नंबरावरून. इथे मत देताना एकावरच शिक्का मारत नाहीत. आवडीप्रमाणे नावांसमोर एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे. तुमचा एक नंबरचा माणूस मोजणीतून बाद झाला की तुमचं मत दोन नंबरकडे जातं, तोही गेला की तीनकडे. हे मला समजायला एक आठवडा आणि तीन व्हिडिओ लागले. आईला मी ते स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता सांगितलं.

“म्हणजे पयलो गेलो तरी मत फुकट जायत नाय?”

“नाही.”

तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, “मगे तुमी पयलो नंबर मागतास कित्याक? ह्या गावात जो तो कोणाचो तरी भाव नायतर भाचो. पयलो नंबर ते आपल्या माणसाकच देतले. कप्तानान दुसरो मागूक व्हयो. दुसरो देवक कोणाक जड जायत नाय.”

टेस्टिंगच्या नोकरीत आठ वर्षं काढून मला हे सुचलं नव्हतं. मी धावत शेजारी गेले. कॅप्टननी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा कठोर झाला.

“नाही,” ते म्हणाले. “मी आयुष्यात कधी दुसरा नंबर मागितलेला नाही. लढाईत दुसरा नंबर म्हणजे बुडालेलं जहाज.”

“ही लढाई नाही, कॅप्टन. काउन्सिलची निवडणूक आहे.”

“मी असं दारोदार जाऊन म्हणू की मला तुमचं उरलंसुरलं द्या?”

दोन दिवस ते प्रचाराला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने घावणे केले, ताटलीवर दुसरी ताटली पालथी घातली आणि मला म्हणाली, “मी जाऊन येतंय.”

“थांब, मी येते. तुला बोलता कसं येणार?”

“गप ऱ्हव गो चेडवा. बोलूक नाय जावचा माका.”

ती तासाभराने आली. ताटलीत लिंबं होती. कॅप्टनच्या पडवीत कुंडीत लिंबाचं झाड आहे. काय झालं विचारलं, तर एवढंच म्हणाली, “फोटो दाखवल्यानी बायकोचे. बरे आसत.”

संध्याकाळी कॅप्टन आमच्या दारात उभे होते. कोट नाही, स्वेटर.

“मादाम सरपंचना सांग,” ते मला म्हणाले, “मी फोटो दाखवत होतो. प्रत्येक फोटोत माझी बायको धक्क्यावर उभी आहे आणि मी निघालेला आहे. मुलाच्या वाढदिवसाला, तिच्या ऑपरेशनला, मी कुठेच नव्हतो. तीस वर्षं जहाज पहिलं आणि ती दुसरी. तिने एकदाही म्हटलं नाही की मला पहिला नंबर हवा. आणि मग काय झालं? जहाज बाद झालं, आणि माझं सगळं मत तिच्याकडे गेलं. मी इथे राहतोय.” त्यांनी टेकडीकडे हात केला. “तिला चाललं, तर मला चालायला हवं.”

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, “तेंका सांग, चाय घेवन निघूया.”

त्यानंतरचे पंधरा दिवस फार मजेचे गेले. कॅप्टन दारात उभे राहून म्हणायचे, “तुमचा पहिला नंबर तुमच्या चुलतभावाला द्या. चुलतभाऊ महत्त्वाचा असतो. मला दुसरा द्या.” लोक एकदम सैल व्हायचे. एक शेतकरी म्हणाला, “देवा शप्पथ, असं मागणारा पहिलाच माणूस पाहिला.” एका बाईने विचारलं, चुलतभाऊ आवडत नसेल तर? कॅप्टन म्हणाले, “तर तो तुमचा घरगुती प्रश्न आहे.”

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मी टेबलावर याद्या तपासत बसले होते. आई समोर शेंगा सोलत होती. अचानक म्हणाली, “माझी चार मतां.”

मी वर पाहिलं नाही. मला माहीत होतं ती कशाबद्दल बोलते. सरपंचपदाची पाच वर्षं संपल्यावर आईने सदस्य म्हणून पुन्हा निवडणूक लढवली आणि ती चार मतांनी पडली. माझं नाव गावच्या यादीत होतं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागले होते, प्रोजेक्ट संपत आलं होतं, सुट्टी मागायची लाज वाटली. भाऊ मुंबईत होता, तोही गेला नव्हता. दोन मावसभाऊ गोव्यात. मोजून चार.

“आई, मी...”

“मी काय तुका बोलतंय?” ती म्हणाली. “तुझा काम होता. मी आपली आठवण काढलंय.” आणि तिने शेंगांची टरफलं गोळा केली. मग जाता जाता मात्र म्हणाली, “उद्या लवकर ऊठ.”

सकाळी सातला शाळेच्या दारात रांगेत पहिले आम्ही होतो. नवऱ्याचं आयुष्यातलं हे पहिलं मतदान. नागपूरला मतदान असलं की हा कायम दुसऱ्या गावी हॉस्टेलवर, नाहीतर परीक्षेत. माझंही पहिलंच. पत्र्याच्या आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल होती. मी एवढ्या जपून आकडा काढला, की तो माझ्या पहिलीतल्या अक्षरासारखा दिसला. दुसरा नंबर मी कोणाला दिला ते सांगणार नाही. बाहेर आई, जिला इथे मत नव्हतं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मान हलवून नमस्कार करत होती. गार्डने, म्हणजे इथल्या पोलिसाने, येऊन तिला सौम्यपणे सांगितलं की दारापाशी प्रचार करता येत नाही. आई त्याच्याकडे बघून हसली आणि तिने त्यालाही नमस्कार केला.

मोजणी दोन दिवस चालली. मोठ्या क्रीडासंकुलात लांबच लांब टेबलं आणि मधे कठडा. कठड्याला टेकून प्रत्येक पक्षाचे लोक हातात पेन्सिल घेऊन, मतपत्रिकांवरचे आकडे दुरूनच टिपत होते. जागा सहा, उमेदवार पंधरा. पहिल्या फेरीत आमचे कॅप्टन दहावे आले.

ते पांढरे पडले. “दहावा,” असं दोनदा म्हणाले.

“थांबा, कप्तानानू,” आई म्हणाली. “अजून जेवण वाढूक नाय.”

दुसऱ्या फेरीपासून एकेक उमेदवार बाद व्हायला लागला, आणि प्रत्येक बाद झालेल्याच्या गठ्ठ्यातून दुसरे नंबर निघायला लागले. अकरा आमचे, सोळा आमचे, मग एकदम चाळीस. ज्यांचे चुलतभाऊ पडत होते, त्यांची मतं आमच्याकडे येत होती. रविवारी दुपारपर्यंत कॅप्टन सातवे झाले होते. सहाव्या जागेसाठी शेवटची फेरी उरली. समोर होता गावातला एक जुना काउन्सिलर, धिप्पाड, लालबुंद, वीस वर्षं तीच खुर्ची सांभाळलेला. अधिकाऱ्याने माइक हातात घेतला. कॅप्टन नऊ मतांनी पुढे होते. पुन्हा मोजलं. पुन्हा नऊ.

नवरा ओरडला. मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, “दॅट्स सो ग्रँड, आजी!” आई मात्र कठड्याला धरून तशीच उभी राहिली आणि तिने पदराने डोळे पुसले. “नऊ,” ती म्हणाली. “चारापेक्षा बरे.”

मग तो हरलेला माणूस गर्दीतून वाट काढत आला. आम्ही सगळे जरा मागे सरलो. त्याने कॅप्टनचा हात धरून जोरात हलवला.

“तुम्ही आमच्या दारात आला होतात,” तो म्हणाला. “मी घरी नव्हतो. माझ्या बायकोने तुम्हाला चहा दिला. तिने तुम्हाला दुसरा नंबर दिला. तिच्या बहिणीने दिला. आणि खरं सांगू? मीपण दिला. मला काय माहीत तो उपयोगी पडेल!”

खरं तर तो शेवटपर्यंत शर्यतीत होता, त्यामुळे त्याच्या घरच्यांचा तो दुसरा नंबर मोजलाच गेला नव्हता. हे माझ्यातल्या टेस्टरला लगेच कळलं. मी तोंड उघडलं आणि आईने माझा हात दाबला. काय बोलणं चाललंय हे तिला कळलं नव्हतं, पण मी चूक काढणार आहे हे तिला कळलं होतं.

कॅप्टननी त्याला सलाम केला. मग दोघं बाहेर जाऊन बराच वेळ मोरीविषयी बोलत बसले. वीस वर्षांत त्या मोरीवर कोणकोणत्या फाइली झाल्या, ते सगळं त्या माणसाला तोंडपाठ होतं.

मोरी साफ व्हायला सप्टेंबर उजाडला. तोपर्यंत आई परत गेली होती. ती गेल्यावरच्या पहिल्याच बैठकीनंतर कॅप्टन आमच्याकडे येऊन वैतागले होते. “जहाजावर मी आदेश दिला की इंजिनरूममध्ये तो एका मिनिटात पोहोचायचा. इथे म्हणतात, विषय नोंदवला आहे. कुठे नोंदवला आहे? मला ती वही दाखवा!” मी व्हिडिओ कॉल लावून दिला. आईने सगळं ऐकून घेतलं. “तेंका सांग, माका जेटीच्या पायऱ्यांक तीन वर्सां लागली. रोज जावन बसायचा. काय बोलाचा नाय. नुसता बसायचा.” कॅप्टन दुसऱ्या दिवसापासून काउन्सिलच्या ऑफिसात जाऊन बसायला लागले, कोट घालून, ताठ. अकराव्या दिवशी इंजिनियर स्वतः त्यांना घेऊन मोरी बघायला आला.

आता दर शनिवारी सकाळी गावच्या बेकरीच्या मागच्या खोलीत त्यांचं ‘क्लिनिक’ असतं. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या बैठकीला इथे तेच म्हणतात. नवऱ्याला हे फार लागतं. तो म्हणतो, सहा वर्षं शिकून माझ्या क्लिनिकमध्ये लोक फोनकडे बघत बसतात आणि ह्यांच्या क्लिनिकला रांग. गेल्या शनिवारी मी ब्रेड घ्यायला गेले होते, तर एक म्हातारी कॅप्टनसमोर बसून आपल्या सुनेबद्दल सांगत होती. काउन्सिलचा त्यात काही संबंध नव्हता. कॅप्टन काही लिहीत नव्हते, मान हलवत होते. शेवटी त्यांनी तिला विचारलं, “थोडं पाणी मिळेल का?” आणि ती लगबगीने काउंटरवर त्यांच्यासाठी चहा सांगायला उठली.